डावीकडचं दार

खेळायला विमानाने जाणारी आमच्या घराण्यातली मी पहिली, असं बाबा आल्या-गेल्याला सांगायचे. गेम डिझाइन हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. शेजाऱ्यांपुढे ते "कम्प्युटरचं काहीतरी" असायचं आणि घरात नुसतं "खेळ". बारावीला गणितात मी काठावर सुटले होते, त्यामुळे न्यूझीलंडच्या विद्यापीठाने मला सरळ पदवीला घेतलं नाही. आधी एक फाउंडेशन इयर करा, मग पाहू, असं कळवलं. बाबांना आयतंच निमित्त मिळालं. "म्हणजे परदेशातली बालवाडी," ते म्हणाले. "एक वर्ष देतो. काय उजेड पाडतेस बघू. नाही जमलं तर गुपचूप परत यायचं."

बाबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पस्तीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या. ज्या कामातून शेवटी चार भिंती उभ्या राहत नाहीत ते काम त्यांच्या लेखी काम नव्हतंच. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर निघेल याची भीतीही वाटायची.

२०१४ च्या फेब्रुवारीत मी हॅमिल्टनला आले. तिथल्या 'ते रापा' नावाच्या उपनगरात एका घराची मागची खोली मिळाली. दुधाच्या कारखान्याकडे जाणारे टँकर दिवसभर रस्त्यावरून जायचे. जूनपासून, म्हणजे तिथला हिवाळा लागल्यावर, त्या खोलीत टॉवेल वाळेनासा झाला आणि पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. दर शनिवारी ब्लीचने ती पुसायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पुसायची. वर्गात सगळे माझ्याहून लहान, आणि इंग्रजीतून विनोद करणारे. मी विनोद समजल्यासारखं हसायचे.

फाउंडेशनला गणित होतं, निबंध होते, चित्रकला होती आणि खेळ बनवण्याचा एक विषय होता. त्या विषयात अख्खं एक सत्र कम्प्युटरला हात लावायचा नाही. पुठ्ठा, फासे, शर्टाची बटणं घेऊन खेळ करायचे. फोनवर बाबांनी विचारलं, "सापशिडी झाली का शिकून?" मी फोन ठेवून दिला.

त्या विषयाचा एक कायदा होता. तुमचा खेळ दुसरा कुणी पहिल्यांदा खेळतो तेव्हा तुम्ही त्याच्या मागे बसायचं, वहीत टिपायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. तो चुकला, अडकला, चिडला तरी नाही. कठीण काय त्यात, असं मला वाटलं. पण आमच्या घरात पत्ते खेळणारे चार आणि मागून सांगणारे सहा. समोरचा पत्ता चुकीचा टाकतोय हे दिसताना गप्प बसणं हे आमच्यात माणुसकीला धरून नाही. पहिल्याच चाचणीत मिनिटभरात माझ्या तोंडून "अरे, तो नाही, त्याच्या शेजारचा" निघालं, तेही मराठीत. आमच्या बाई माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी होत्या. रोज "किया ओरा" असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करत हसतमुखाने वर्गात यायच्या. त्यांनी माझ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "तू काय प्रत्येकाच्या घरी जाऊन शेजारी बसणार आहेस?"

मी नापास झाले. पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं की परत पुण्याला, घरी. मी आरशासमोर बसून गप्प राहण्याची सवय केली, हे वाचून हसायला हरकत नाही. दातांत जीभ धरून बसायचे. डिसेंबरपर्यंत मी इतकी तयार झाले की समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी माझी पेन्सिल तेवढी हलायची. बाईंनी शेऱ्यात लिहिलं की निरीक्षण उत्तम आहे. बाबांना मी तो शेरा वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं."

पदवीला ऑकलंडला आले. राहायला शहराच्या दक्षिण टोकाला, पापाकुरा उपनगरात, एका पुण्याच्या ताईंकडे. त्या स्वतः अशाच विद्यार्थिनी म्हणून आलेल्या आणि आता एका वृद्धाश्रमात कामाला होत्या. ती तीन वर्षं आठवताना मला एकही सलग चांगला दिवस सापडत नाही. सकाळची ट्रेन, मांडीवर लॅपटॉप, न चालणारा कोड, वर्गातून एकेक जण गळत गेलेला. जे उरलो त्यांच्यापैकी निम्म्यांना तरी नोकरी मिळेल का, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मला मात्र नोकरीहून एक गोष्ट जास्त हवी होती. बाबांनी मी केलेला एक गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळावा आणि चांगला आहे म्हणावं. एवढंच. त्यासाठी मी काय काय केलं असतं याचा हिशोबच नव्हता.

म्हणून शेवटच्या वर्षाचा गेम मी त्यांच्यासाठीच केला. शाळा सुटल्यावर शिपाई एकेका वर्गाला कुलूप लावत फाटकापर्यंत जातो, एवढीच गोष्ट. पण शाळा वरून दिसायची, अगदी बाबांच्या नकाशासारखी. भिंतींच्या जाड रेघा, दारांचे पाव वर्तुळाचे कंस. त्यांच्या जुन्या नकाशांचे फोटो आईकडून मागवून मी रेघेची जाडी जुळवली होती.

सप्टेंबरात आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले. ताईंनी पुढची खोली मोकळी करून दिली. विमानतळावर बाबा थकलेले वाटले, पण इतक्या लांबून येऊन कोण थकणार नाही? आईने आल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आमच्याकडे ताट वाढायची रीत पक्की. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात, पोळी. बाबांना रक्तदाब होता आणि डॉक्टर दहा वर्षं लोणचं सोडा म्हणत होते. ते डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून दोन फोडी खायचे. आता त्यांच्या ताटाची डावी बाजू जशीच्या तशी परत यायला लागली. लोणच्याला हात नाही, मिठाला हात नाही. आई हरखून गेली. पुण्याला मावशीला फोन करून सांगितलं, "इथली हवा मानवली गं यांना. पथ्य पाळायला लागलेत."

एकदा ती म्हणाली, "अहो, कोशिंबीर तरी खा. त्याने काय होतंय?"

"वाढलीस कुठे?" बाबा म्हणाले.

आम्ही तिघीही हसलो. बाबांचा स्वभावच थट्टेखोर. आईने वाटी उचलून पलीकडे उजव्या हाताला ठेवली आणि त्यांनी ती निमूट संपवली. मागे बागेत फिरताना त्यांच्या डाव्या पायातलं जॅण्डल, म्हणजे तिथली रबरी चप्पल, गवतातच राहिलं आणि ते एका पायाने अनवाणी घरात आले, तेव्हाही हसलो.

तिसऱ्या आठवड्यात मला चाचणीसाठी आणखी माणसं हवी होती; वर्गातल्या चौघांचं खेळून झालं होतं. आमच्या सरांनी सांगितलं होतं की कधीच गेम न खेळलेली, वयस्क माणसं मिळाली तर उत्तम. मी म्हटलं, वडील आलेत. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं सर म्हणाले. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर लॅपटॉप ठेवला. कोणती बटणं दाबायची ते सांगितलं, मागे खुर्ची घेतली आणि वही उघडली.

पहिला वर्ग, दुसरा वर्ग नीट झाला. नकाशा बघून ते खूश झाले. "कंस बरोबर काढलेत," असं पुटपुटले, आणि मला तेवढ्यावरच उठून नाचावंसं वाटलं. तिसऱ्या वर्गातून बाहेर पडायचं दार डाव्या भिंतीत होतं. बाबा तिथे अडकले. उजव्या भिंतीशी गेले, खालच्या भिंतीशी गेले, पुन्हा उजवीकडे आले. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"इथे दारच नाही," ते म्हणाले. "चुकलाय नकाशा."

मी गप्प.

"अगं, दार नसलेली खोली कुणी काढतं का? बोल की काहीतरी."

मी बोलले नाही. लिहिलं: डावीकडचं दार दिसत नाही. त्याखाली लिहिलं: आधीच्या चौघांना लगेच दिसलं. आणि त्याखाली माझा निष्कर्ष: वयस्कांसाठी दार ठळक हवं. ही तीन वाक्यं माझ्या अक्षरात, एकाखाली एक आहेत. पस्तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला समोरच्या नकाशातलं दार दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि मला काळजी गेमची वाटत होती.

बाबांनी लॅपटॉप मिटला. "तुझं हे शिक्षण माझ्यासाठी नाही," असं म्हणून ते खोलीत जाऊन पडले. मी चिडले. त्यांना जमलं नाही म्हणून खोड माझ्या कामात काढतात, असं वाटलं. आईला तसं बोलूनही दाखवलं.

मग आठवडाभर बसून मी सगळी शाळा बदलली. डावीकडची दारं उजव्या भिंतीत आणली. कुलपाची खूण, किल्ली, उरलेल्या वर्गांचा आकडा, सगळं पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात. पुढच्या रविवारी बाबा पुन्हा बसले आणि वीस मिनिटांत फाटकापर्यंत पोचले. शेवटचं कुलूप लागल्यावर ते मागे वळून माझ्याकडे बघून हसले. "आता नकाशा बरोबर आहे," म्हणाले. "चांगला केलास." मी त्यांच्या गळ्यात पडले. वयाची चोविशी गाठलेली बाई, लहान पोरीसारखी रडले.

त्या गेमला मला चारही वर्षांतले सर्वांत जास्त गुण मिळाले. खेळणाऱ्याची अडचण ओळखून रचना बदलल्याबद्दल सरांनी खास कौतुक केलं होतं.

नोव्हेंबरात ते परत गेले. डिसेंबरात बाबा स्कूटरवरून भाजी आणायला गेले आणि रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोवर सरळ जाऊन आदळले. खुब्याचं हाड मोडलं. टेम्पो दिसलाच नाही म्हणाले. मिळेल त्या विमानाने मी पुण्याला पोचले.

दुसऱ्या दिवशी मेंदूचे डॉक्टर आले. त्यांनी बाबांच्या हातात पेन दिलं आणि घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी वर्तुळ काढलं, हात थरथरत असूनही सुबक. मग आकडे घातले. एकपासून बारापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात, एकमेकांवर चढलेले. डावा अर्धा भाग कोरा. "झालं," म्हणाले आणि पेन परत दिलं.

मला तिथल्या तिथे कळलं. डॉक्टर काही बोलायच्या आधी. तो कागद मी आधी पाहिलेला होता, नुसता पाहिला नव्हता, माझ्या हाताने बनवला होता. अख्खी शाळा मी तशीच करून दिली होती.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. अशा गाठीत माणसाला डावी बाजू आहे हेच ध्यानात राहत नाही, डोळे धड असले तरी, असं डॉक्टरांनी समजावलं. "आधी काही जाणवलं होतं का? खाताना, चालताना?" आई म्हणाली, "नाही हो. उलट तिकडे तब्येत सुधारली होती." मी भिंतीकडे बघत राहिले. पडण्याआधी कळलं असतं तर ताबडतोब ऑपरेशन करता आलं असतं, आता खुब्याचं आधी बघावं लागेल, असं ते म्हणाले. त्याने किती फरक पडला असता, हे मी त्यांना एकटं गाठून विचारलं. "गाठ वाईटच आहे," ते म्हणाले. "काही महिने, कदाचित." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "कदाचित नाहीही."

बाबा एप्रिलमध्ये गेले. शेवटच्या दिवसांत मी पलंगाच्या उजव्या बाजूलाच बसायचे, कारण डावीकडे बसलं की ते विचारायचे, मुलगी कुठे गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. वही बरोबर आणली होती, ती दाखवली. तिने चष्मा लावून तीनही ओळी वाचल्या. बोट ठेवून, हळूहळू.

"म्हणजे तुला दिसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि आत जाऊन भांडी लावायला लागली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या खात्यातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. त्यांना उशिरा कळलं होतं. इतकं अचानक कसं, आधी काहीच लक्षण नव्हतं का, असं ते विचारत असावेत. मी समोरच बसले होते.

"नाही हो भावजी," आई म्हणाली, "कुणाच्याच लक्षात आलं नाही."

बोलताना ती माझ्याकडे बघत होती.