संध्याकाळची वैरण

बायको गेल्यावर मुलगा मला जपानला घेऊन गेला. नव्वद सालानंतरची गोष्ट. तो त्सुकुबाला एका संस्थेत भाताच्या रोगांवर काम करायचा. गावाकडच्या आमच्या दोन्ही गाई त्यानं माझ्या मेहुण्याच्या दावणीला नेऊन बांधल्या, घराला कुलूप घातलं आणि मला विमानात बसवलं. मी नको म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. नको म्हणायला पण अंगात थोडी धग लागते.

त्सुकुबा म्हणजे आखून बसवलेलं गाव. रस्ते सरळ, झाडं ओळीत. माणूस दिसायचा नाही, दिसला तर सायकलवर. मुलगा सकाळी गाडी घेऊन जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. सून पुण्याची. ती दुपारी एका बेकरीत बाइतो करायची, म्हणजे तासावरचं काम. मी तिसऱ्या मजल्यावर बसून टीव्हीतल्या माणसांची तोंडं हलताना बघायचो. शेवटी कंटाळून चालायला लागलो. इमारती संपल्या की भाताची खाचरं लागायची. एका सकाळी त्या बाजूनं शेणाचा वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले.

पत्र्याचा गोठा होता. आत तीन काळ्या गाई, आखूड पायांच्या, वशिंड नसलेल्या. मालक माझ्याच वयाचा म्हातारा, डोक्याला टोपी, पायात रबरी बूट, एक गुडघा ताठ. तो काहीतरी म्हणाला. मी काहीतरी म्हणालो. दोघांनाही काही कळलं नाही, तेव्हा मी कोपऱ्यातला खराटा उचलला. तो नको म्हणाला नाही. त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो.

सुनेला त्या घरची माणसं माहीत होती, त्यांच्या बांधावरच्या टपरीतून ती मुळा घ्यायची. मी गोठ्यात जातो हे कळल्यावर ती दोन दिवस काहीतरी सांगायला बघत होती आणि गिळत होती. मीच विचारलं. तेव्हा म्हणाली, त्या गाई दुधाच्या नाहीत, त्यांची वासरं मोठी करून बाजारात देतात. मी म्हटलं, बाई, आपल्याकडचे खोंड बाजारातून पुढं काशीला जातात का? तो विषय तिथं संपला. मला आवडत नाही ते आवडत नाही, पण गाय दारात उभी असली की तिला वैरण लागते, एवढं मला कळतं.

म्हाताऱ्याची वैरणीची रीत बघण्यासारखी होती. कालव्याच्या कडेनं तो दोन गाई लांब दाव्यानं लोखंडी खुंटीला बांधायचा. त्या दाव्याच्या घेरातलं गवत खायच्या, मग तो खुंटी पुढं ठोकायचा. खाल्लेल्या जागेला परत फिरायचा नाही, तिथलं गवत पुन्हा वाढेपर्यंत. आमच्याकडं गाई सोडल्या की गाईच ठरवतात कुठं खायचं. इथं खुंटी ठरवायची. मला ते पटलं.

पटलं नाही ते दुसरंच. तिसरी गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. तिला तो बाहेर काढायचा नाही. आणि सकाळी तिच्यापुढं काहीच टाकायचा नाही. गव्हाण कोरडी ठाक, पाण्याची बादली तेवढी भरलेली. मी दारात दिसलो की ती मान वर करून हंबरायची. शेजारी पेंढ्याच्या पेंड्या रचलेल्या आणि ही जिभेनं गव्हाणीची फळी चाटतेय.

माझी बायको उठली की आधी गोठ्यात जायची. चूल नंतर, चहा नंतर, तोंड धुणं सुद्धा नंतर. गाय गाभण असली तर तिच्या वाटणीला मूठभर जास्तच. मी आळस केला तर म्हणायची, "तुम्ही बसा हो भाकरीची वाट बघत, ती कुणाला सांगणार?" त्या बाईबरोबर जन्म काढलेला माणूस मी. मला ते बघवेना.

सुट्टीच्या दिवशी सुनेला बरोबर घेऊन गेलो. म्हटलं, "त्याला सांग, गाभण गाईला सकाळी उपाशी ठेवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

"आबा, असं कसं सांगू?"

"तोंडानं सांग."

ती कमरेत वाकली आणि बराच वेळ गोड आवाजात बोलत राहिली. माझं वाक्य एवढं लांब नव्हतं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, टोपी मागं सरकवली आणि हसत काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतायत, आबांनी रात्री गोठ्यात जागायला यावं, मग सकाळी खुशाल घालू."

मग त्यानं सगळं सांगितलं. सून मध्ये मध्ये थांबून मला सांगत गेली. गेल्या वर्षी हीच गाय रात्री व्याली. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, त्याची म्हातारी तेव्हा कंबरेनं अंथरुणाला खिळलेली, मुलगा तोक्योत, त्याला गुरांत रस नाही. सकाळी जाऊन बघतात तर वासराच्या नाकातोंडावर पडदा तसाच, वासरू थंड. गाय त्याला चाटत उभी. तेव्हा म्हातारी म्हणाली होती, आता पुरे. पुन्हा असं झालं तर तिन्ही गाई विकायच्या. म्हाताऱ्यानं ते कबूल केलं होतं. मग गुरांच्या डॉक्टरनं त्याला ही युक्ती सांगितली. दिवस भरत आले की गाईला सगळी वैरण संध्याकाळी घालायची, रात्रभर खाऊ द्यायची, सकाळी उरलंसुरलं काढून घ्यायचं. अशी गाय बहुतेक करून दिवसा विते. सगळ्याच नाही, पण बऱ्याच. का, ते त्या डॉक्टरलाही नीट सांगता आलं नव्हतं.

मी म्हटलं, गाय काय घड्याळ बघून विते? हे सुनेनं सांगितलं की नाही कोण जाणे.

खरंखोटं बघायला मी त्याच संध्याकाळी पुन्हा गेलो. म्हाताऱ्यानं गव्हाण काठोकाठ भरली. खाली पेंढा, वर कापलेलं हिरवं गवत, त्यावर भरडा आणि कोंडा. आम्ही दोन वेळेला घालतो ते एकाच वेळेला होतं, वर चार मुठी जास्त. गाय खाली मान घालून खात होती, माझ्याकडं बघितलं पण नाही. उपाशी नव्हती तर. पण सकाळी ती हंबरली की मला राहवायचं नाही. हात पेंढ्याकडं जायचे, मी ते खिशात घालायचो. वासरू गेलं तर गाई विकायच्या म्हटल्यावर हात आवरावेच लागतात.

आणि खरं सांगायचं तर ती युक्ती लागू पडावी असं मला म्हाताऱ्यापेक्षा जास्त वाटत होतं. माझी बायको रात्री गेली. दवाखान्यात रात्री बाईमाणसालाच थांबू द्यायचे, म्हणून माझी बहीण थांबली आणि मला घरी धाडलं. पहाटे बहिणीचा डोळा लागला, तेवढ्यात ही गेली. निरोप आला तेव्हा मी गाईपुढं वैरण टाकत होतो. हातातली पेंडी टाकून निघालो की हातातच घेऊन निघालो, आठवत नाही. कोणाचं काही चुकलं नाही. पण जे व्हायचं ते उजेडात व्हावं, चार माणसं जागी असताना व्हावं, एवढं मला तेव्हापासून वाटतं. जन्माला येणाऱ्याचंही तसंच.

खाचरांत रोपं लागली. गाईची कास भरली, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडं खड्डे पडले. आज-उद्या म्हणता म्हणता दिवस जात होते. रोज जाताना गोठा दिसायला लागला की माझी चाल मंदावायची. आत काय बघायला मिळेल याची भीती. म्हातारी आता काठी धरून दारापर्यंत यायला लागली होती. गाईकडं बघायची आणि परत जायची.

मग एका सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर मी पोचलो, तर गाय हंबरली नाही. उठत होती, बसत होती, स्वतःच्या पोटाकडं वळून बघत होती. म्हातारा अंगणात कोथिंबिरीसारखं काहीतरी निवडत बसला होता, त्याला पत्ताच नव्हता. मी हाक मारली ती मराठीत मारली. तो लंगडत धावत आला.

पाणमोट फुटली, पुढचे दोन खूर दिसले आणि तिथंच अडलं. वासरू मोठं होतं. म्हाताऱ्यानं खुरांना दोरी बांधली आणि ओढायला लागला, पण त्याचा गुडघा टेकेना. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. तो दोरी ओढतोय, मी त्याला ओढतोय. गाय कळ द्यायची तेव्हा दोघांनी जोर लावायचा, ती थांबली की थांबायचं. हे सांगायला कुणाची भाषा लागली नाही. तो त्याच्या देवाला काही म्हणत असेल, मी गाईला शिव्या देत होतो, प्रेमाच्या. एकदम सगळं सुटलं आणि आम्ही दोघं पेंढ्यात आडवे पडलो, वासरू आमच्या पायांवर.

पडदा नाकावर होताच. म्हाताऱ्यानं बोटानं ओढून काढला, मी पेंढ्यानं अंग चोळायला लागलो. हलेना. त्यानं एक काडी उचलून त्याच्या नाकपुडीत फिरवली. वासरू शिंकलं. मग डोकं झटकलं. खोंड होता.

सून त्या दिवशी सकाळीच सायकलवरून बेकरीकडं निघाली होती, ती बांधावरच सायकल टाकून आली. तोपर्यंत म्हातारी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन आली होती. बादलीत कोमट पाण्यात कोंडा आणि मिसो कालवलेला, मिसो म्हणजे सोयाबीनचं खारट आंबवण. आमच्याकडं व्यालेल्या गाईला गूळ-बाजरी देतात. मी तोंड वाकडं करणार होतो, पण गाईनं एका दमात बादली रिकामी केली, तेव्हा म्हटलं असू दे. म्हाताऱ्यानं गवताची पेंडी सोडून तिच्यापुढं टाकली. भर सकाळी.

म्हातारी बराच वेळ वासराकडं बघत उभी होती. मग तिनं नवऱ्याला काहीतरी सांगितलं, फार हळू. त्याला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं.

मी सुनेला विचारलं, काय म्हणतायत.

"त्या म्हणतायत, पुढच्या वर्षी पण संध्याकाळीच घालायचं."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, त्या टोपीनंच तोंड पुसलं आणि पुन्हा डोक्यावर घातली.

सून कामाला गेली. म्हातारीनं चहा आणला, हिरवा, बिनसाखरेचा, मला कधी न आवडलेला. तो प्यालो. आम्ही दोघं पेंढ्याच्या भाऱ्यावर बसलो. वासरू उठायचं, पुढं कोसळायचं, पुन्हा उठायचं. आईच्या पुढच्या पायांमध्येच तोंड खुपसून शोधत होतं. मी त्याला कासेपर्यंत न्यायला उठलो, तर म्हाताऱ्यानं माझी बाही धरली. बस, म्हणाला असेल. मी बसलो. वासरू एकदा चुकलं, पुन्हा चुकलं, मग पोटाखालून मागं गेलं. चुटुचुटु आवाज यायला लागला. दारातून ऊन थेट आत आलं होतं आणि घरी जायची मला काही घाई नव्हती.