दोन ठोक्यांची शांतता

मेलबर्नच्या एका सिग्नलवर शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर बोट वाजवत होता. उघड्या खिडकीतून येणारं गाणं मी लगेच ओळखलं. त्या रॉक बँडची ती रेकॉर्ड मीच घडवली होती. त्या गाण्यात प्रत्येक ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं पूर्ण दोन ठोके थांबतात. त्याचं बोटही हवेत थांबलं आणि अचूक वेळेला खाली आलं.

ती शांतता मी भांडून मिळवली आहे. इथे कुणालाही 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणतात; तसंच ड्रमर म्हणाला होता, "मेट, लोकांना वाटेल वीज गेली!"

"वाटू दे! धस्स होऊ दे छातीत!" मी ओरडलो होतो. शेवटी सौदा केला. गिटारवाल्याचा लांबलचक तुकडा ठेवू दिला आणि बदल्यात हे दोन ठोके घेतले. आता बँडवाले मुलाखतीत सांगतात, "ते आपोआप सुचलं." आपोआप! रेकॉर्ड घडवणाऱ्याचं निम्मं काम काढून टाकण्याचं, आणि काढून टाकलेलं कुणाला ऐकू येतं? गिटारखाली नाव छापतात, शब्दांखाली छापतात. शांततेखाली कुणाचं छापणार?

न राहवून मी काच खाली केली. "अहो, हे गाणं..."

गाणं पुन्हा ध्रुवपदाशी आलं होतं. त्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला. "एक सेकंद, मेट. इथे थांबायचं असतं."

मी थांबलो. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजू लागले, तरी थांबलो.