मधलं कोरं पान

गल्लीत सगळे त्यांना दाभणकाका म्हणत. पुस्तकं शिवण्यात उभा जन्म गेला, पण वाचायचं म्हटलं की काकांना लगेच डुलकी यायची. कुणी टोकलंच, तर छाती फुगवून म्हणायचे, "आतलं लिहिणाऱ्यानं बघावं. माझी शिवण उसवून दाखवा, मग बोला." आणि खरंच, ती कधी उसवली नव्हती.

चित्रकथांना तर ते पुस्तकांत धरतच नसत. शिवायला आल्या की नाक मुरडायचे. आणि नेमकी त्यांची लेक चित्रकथा काढायची! "एवढी मोठी झालीस, हा पोरखेळ कधी सोडणार?" हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की काकांनी तोंड उघडलं की वाक्य तीच पूर्ण करायची.

बायको गेल्यावर हे वादही थांबले. घरात दोघंच, आणि बोलणं काय, तर मीठ दे आणि दार लाव. अशात एका सकाळी लेकीनं कामाच्या टेबलावर सुटी पानं आणून ठेवली. "आईवर केलंय. एकच प्रत आहे. तुम्हीच बांधा."

काकांनी जीव ओतला. कापड उत्तम, दोरा दुहेरी. चित्रांकडे बघायचा मात्र धीर होईना, म्हणून कोपऱ्यातले आकडे बघत पानं लावली. शेवटच्या चित्राआधी एक पान कोरं निघालं, त्यावर आकडाही नव्हता. कोरी पानं शेवटी जातात, हा धंद्याचा नियम. त्यांनी ते उचलून शेवटी टाकलं आणि शिवून मोकळे झाले.

लेकीनं पुस्तक उघडलं, शेवटाशी आली आणि तिचा चेहरा उतरला.

"काय चुकलं?"

"बाबा, एकदा बघा तरी."

ती शेजारी बसली. काकांचा नाइलाज झाला. पहिल्या पानापासून नुसते हात होते, बायकोचे. याच टेबलाशी बसून ती छापील कागदांच्या घड्या घालायची. एका चौकटीत कागद उचललेला, पुढच्या चौकटीत घडी पडलेली. मध्ये घडीवरून लाकडी पट्टी फिरल्याचा सर्रकन आवाज काकांना आला आणि ते दचकलेच.

"अगं, घडी घालतानाचं चित्र कुठंय?"

"काढलंच नाही. ती घडी तुम्ही घातलीत, दोन चौकटींच्या मधे."

काका चाट पडले. बोटभर पांढरी जागा, आणि तिच्यात बायको येऊन काम करून जाते! ते मागे गेले, पुन्हा पुढे आले. दर वेळी सर्रकन. हे असलं काही आपण आयुष्यभर नाक मुरडत शिवत आलो?

पुढे चौकटी कमी होत गेल्या, मधल्या जागा वाढल्या. हात थकत होते, आणि पानावर काकांचे डोळेही आपोआप रेंगाळू लागले. मग डावीकडे हातांनी अर्धवट घडी खाली ठेवली. ती नीट बघायच्या आतच उजवीकडचं रिकामं टेबल नजरेत घुसलं.

"इथे कोरं पान होतं," लेक म्हणाली. "आई जायच्या आधी मला जरा थांबायचं होतं."

काकांनी पातं उचललं.

"राहू द्या बाबा, फाटेल. पुन्हा नाही काढता येणार मला ते."

"माझी शिवण आहे. मलाच माहीत ती कुठे सुटते."

एकेक टाका कापत, श्वास रोखून त्यांनी स्वतःची शिवण उसवली. पानं धडधाकट सुटली, तेव्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला. काकांनी कोरं पान जागेवर ठेवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून एकेक चित्र बघत आले. अर्धवट घडीपुढे आता पांढरं पान होतं. ते उलटायला त्यांनी बोट लावलं, पण उलटवेना.

त्यांनी बोट मागे घेतलं. मग उठून फळीवरून त्याच जातीचा एक कोरा कागद काढला, मापात कापला आणि लेकीसमोर धरला.

"अजून एक घालूया का गं मधे?"