हिराच्या अंगात काही नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. जिला सांगायला हवं होतं तिच्यासमोर तर — पण ते शेवटी येईल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

तासगावच्या बाहेर बेदाण्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होते. चाळीसेक बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसायच्या. पट्ट्यावरून बेदाणा सरकत यायचा आणि त्यातला काळा दाणा, फुटका दाणा, काडी त्या वेचून काढायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. दिसायचे ते फक्त डोळे. मी नवीन होते तेव्हा मला याची भीती वाटायची. कुणीतरी हाक मारायचं — ‘वैनी’ — आणि मी वळून बघावं तर चाळीस तोंडं झाकलेली. कोण बोललं, ते कसं कळणार?

हिरा त्यातली एक. आटपाडीकडची. नवरा गावी शेळ्या राखायचा, ही मुलीच्या कॉलेजसाठी इथं एका खोलीत राहायची. दुपारी आम्ही दोघी एकत्र जेवायचो. भिंतीवर किमान वेतनाचा कागद डकवलेला होता. एकदा त्याच्याकडं बघत तिनं विचारलं, “वैनी, किमान म्हंजी काय वं?”

मी बी.ए. झालेली. मला सांगायला आवडायचं. म्हटलं, किमान म्हणजे याच्या खाली द्यायचं नाही. त्यात माणूस मरत नाही, एवढंच. जगायचं वेतन वेगळं असतं. त्यात दुखलंखुपलं येतं, पोरांचं शिक्षण येतं, एखाद दिवस घरी पडून राहायची सोय येते.

तिचा घास हातातच राहिला. “म्हंजी आमी जगत न्हाई व्हय?”

मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं?

तिची दाढ तेव्हा किडली होती. काढायची म्हणजे खाडा, आणि खाड्याचा रोज नाही. “फुडच्या म्हैन्यात बगू,” म्हणायची आणि दुसऱ्या बाजूनं चावायची.

मग एक दिवस कळलं की सरकारी साहेब येणार आहेत. मजुरीचे दर पुन्हा ठरायचे होते, त्यासाठी ते बायकांशीच बोलणार होते. मालकांनी मला बोलावलं. “आपण कायद्यानं देतो, एक पैसा कमी न्हाई. बायकांना एवढंच सांगा, भागतं म्हणायचं.” मी सगळ्यांना सांगितलं. हिरा तेवढी मागं थांबली. “वैनी, मी बोलनार हाय. मी बोलल्यावर तुमी म्हनशीला न्हवं, ही खरं बोलती म्हनून?”

“म्हणेन,” मी म्हटलं. तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला.

साहेब सकाळी आले. पट्टा बंद केला. त्या जागी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ते ओळीनं प्रत्येकीसमोर थांबून विचारत गेले, मिळतं त्यात घर चालतं का. “भागतं, साहेब.” पुढची — “भागतं, साहेब.” एकाच पट्टीत, एकाच लयीत. ओठ कुणाचेच दिसत नव्हते. सारखं वाटत होतं, एकच बाई बोलतेय आणि ती जागा बदलत माझ्याकडं येतेय. शिकवलेलं मीच होतं.

आणि हिरा उभी राहिली. तिचा गाल रात्रीपासून सुजला होता, पण फडक्याआड तो कुणाला दिसला नाही. आवाज जड, घोगरा आला — तिचा वाटेना.

“कायद्याचं मिळतं, साहेब. पर त्येच्यात मानूस मरत न्हाई, एवडंच. जगायचं येगळं आसतं. माजी दाढ किडली. काडायची तर खाडा, आनि खाडा केला तर गॅस न्हाई. ह्यो हिशोब कुनी घातला, त्यानं येक म्हैना हितं ऱ्हाऊन बगावं.”

दाढ तिची होती. पहिली वाक्यं माझी होती — शब्दन् शब्द माझी. साहेबांचं पेन भराभरा चालत होतं. लिहिता लिहिताच ते माझ्याकडं वळले. “ही सांगते ते खरं आहे का?”

त्यांच्या मागं मालक उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, डोळेसुद्धा वटारले नाहीत. मला कुणी भाग पाडलं नाही — हे लिहायलाच हवं.

मी म्हटलं, “साहेब, तिच्या अंगात येतं. आवाज ऐकलात ना? हे ती बोलत नाही.”

कुठून आलं हे माझ्या तोंडात? आधी कधी मनातही आलं नव्हतं. पेन थांबलं. शेजारच्या बाईनं आपलं स्टूल हळूच सरकवलं. मग पलीकडचीनं. मला वाटलं, हिरा आता ओरडेल, मला शिव्या देईल. तिनं फक्त स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला — आत कुणी आहे का ते चाचपावं तसा.

दर होते तिथंच राहिले. माझा पगार त्या दिवाळीत वाढला. मी घेतला.

त्यानंतर हिराच्या शेजारी कुणी बसेना. तिनं पाणी मागितलं तरी बाया हात जोडायच्या. कुणी तिच्या पिशवीत लिंबू ठेवलं, कुणी कुंकू. एकीनं तर तिला पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. ‘मी खोटं बोलले’ — मी एवढंच म्हणायचं होतं. दोन महिन्यांत हिरा बोलायचीच थांबली. नवरा येऊन घेऊन गेला. मुलीचं कॉलेज सुटलं.

गेल्या वर्षी एका लग्नाला आटपाडीला गेले होते. तिचं गाव जवळच. गेले. का गेले? सांगून टाकावं म्हणूनच ना?

भर दुपार. अंगणात अनोळखी बाया गप्प बसलेल्या, पुढ्यात नारळ, लिंबं. त्या हिराला विचारायला आल्या होत्या. कुणाचं मूल, कुणाची म्हैस. हिरानं मला लगेच ओळखलं. आत नेलं नाही, तिथंच बसवलं, चहा दिला. आवाज आता अगदी स्वच्छ होता.

“वैनी, तुमी हुता तवा. मला समदं आठवतंय, मीच बोलले आसं आठवतंय. पर ही लोकं म्हनत्यात, ती तू न्हवंस. तुमी सांगा. ती मी हुते का दुसरं कुनी?”

सगळ्या बायांनी माना वळवल्या. चाळीस नव्हत्या, सात-आठच असतील. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

“दुसरं कुणी,” मी म्हटलं.

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग जरा पुढं वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, “मग गेलं का वं त्ये?”

“गेलं,” मी म्हटलं. कपातला चहा संपवला आणि उठले.