प्रॉम्प्टरचा पहिला प्रवेश

आमच्या नाट्यवाचनाला फारसं काही लागत नसे. मुलुंडच्या वाचनालयाचं सभागृह, चार खुर्च्या आणि हातात एखादं जुनं गाजलेलं नाटक. आपला प्रवेश आला की उभं राहायचं, संपला की बसायचं. बाबांना ही थेरं वाटत. गिरणीच्या नाटकांना ते वीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून नटांना पुढचं वाक्य पुटपुटायचं, एवढंच त्यांचं नाटक. "सगळ्यांच्याच हातात पुस्तक, म्हणजे तुम्ही सगळेच प्रॉम्प्टर," असं ते चिडवायचे. संपात गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते आणि एरवी फारसं बोलतच नसत.

यंदाच्या नाटकात म्हाताऱ्या राजाचं काम करणाऱ्याची ऐनवेळी नागपूरला बदली झाली, तेव्हा मी बाबांच्या मागेच लागले. बरेच आढेवेढे घेऊन ते तयार झाले. गिरणीतही झालेलं ते नाटक त्यांना तोंडपाठच होतं. पण तालमीत भलताच घोळ झाला. ते वाक्य हळूच म्हणत आणि थांबत. कुणीतरी ते मोठ्यानं उचलेल, अशी वीस वर्षांची सवय! आम्ही त्यांच्याकडे बघायचो, ते आमच्याकडे.

"वाट लागली गं," राजपुत्राचं काम करणारा माझ्या कानात म्हणाला. दुसरं कुणी बघूया का, असंही त्यानं विचारलं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, पण भीती मलाही होतीच. चारचौघांत फजिती झाली, तर बाबा पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

रविवारी सकाळी सभागृह निम्मं भरलं. आई पहिल्या रांगेत होती. बाबा उभे राहिले, पहिलं वाक्य पुटपुटले आणि थांबले. मागे कुणीतरी खाकरलं. मी पुस्तकात डोकं घातलं. बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हातातलं पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, इतकं खणखणीत, की मी दचकून वर बघितलं. पुढे ते थांबलेच नाहीत. ओघात माझीही दोन वाक्यं म्हणून गेले. मला कोण आनंद झाला होता.

चहाच्या वेळी ते आईसमोर जाऊन नुसतेच उभे राहिले. कसं झालं, हे विचारायचा त्यांना धीर होईना.

आईनं पदरानं डोळे पुसले. "वीस वर्सां तुमची नाटकां बघलंय," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुमी दिसलास."