जित्याचं डोकं पुढं

फर्दापूरच्या मागच्या डोंगरावर जांभूळमाळ नावाची अकरा घरांची वस्ती आहे. वर माणसं राहत असतील असं खालून बघून कुणाच्या बापाला वाटणार नाही, आणि सरकारलाही ते कधी वाटलेलं नाही. लेणी बघायला देशोदेशीची माणसं येतात, त्यांच्यासाठी खाली गुळगुळीत सडक आहे. माळावर जायला मात्र पायवाट, तीही पावसाळ्यात ओढा ठरवील तशी. दोन निवडणुकांमागे एक साहेब येऊन रस्त्याच्या मोजणीचे दगड चुन्यानं रंगवून गेला. रस्ता आला नाही. चुना चांगला निघाला, अजून टिकून आहे.

साहेबराव याच वस्तीत जन्मला, वाढला आणि तिशीत झोळीचा म्होरक्या झाला. माळावर कुणी आजारी पडलं की जाड घोंगडं लांब बांबूला दोन्ही टोकांनी बांधायचं, त्यात माणूस निजवायचं आणि खांद्यावरून दीड तासात खाली सडकेला आणायचं. म्होरक्या सगळ्यांच्या पुढे. पाय कुठे टाकायचा, दम कुठे घ्यायचा, खांदा कधी बदलायचा, सगळं तोच सांगणार. बत्तीस वर्षांत त्यानं अडलेल्या बाळंतिणी नेल्या, साप चावलेले नेले, झाडावरून पडलेले नेले. चौथी नापास माणूस, पण वस्तीवर त्याचा शब्द चालायचा तसा तलाठ्याचाही चालत नव्हता.

त्याचा एक नियम होता. त्याचा म्हणजे त्याच्या बापाचा, आज्याचा. जित्याचं डोकं पुढं, मेल्याचे पाय पुढं. घरातून मयत काढताना पाय पुढे करतात, म्हणून आजाऱ्याचे पाय पुढे होता कामा नयेत. पाय पुढे करून माळ उतरला तो मेलेल्यांत जमा. तो परत वर येत नाही, आला तर घराला गिळतो.

आता उतारावर डोकं पुढे म्हणजे डोकं खाली, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण पूर्वी दहा-बारा खांदे असायचे. पुढचे गडी बांबू हातांवर उंच धरायचे, मागचे कमरेशी घ्यायचे, आणि झोळी सपाट राहायची. मग पोरं एकेक करून चिकलठाण्याच्या कारखान्यांत गेली. नियम माळावर राहिला आणि खांदे खाली गेले.

तीन वर्षांमागे शेजारच्या मुक्ताबाईचा नवरा भाऊराव दम्यानं कासावीस झाला, तेव्हा पाच खांदे जमले. डोकं पुढे करून निघाले. मोठ्या वळणापर्यंत भाऊराव संपला. ‘त्याची भरलीच होती’ असं सगळे म्हणाले, साहेबराव सगळ्यांत आधी म्हणाला.

यंदा भादव्यात पाळी आली आशाबाईवर, म्हणजे त्याच्याच बायकोवर. आठ दिवस तिचे पाय सुजलेले होते. हळद-चुन्याचा लेप चालू होता. एका सकाळी तिला श्वासच पुरेना. साहेबराव घरोघर फिरला, आणि खांदे मिळाले तीन. सुट्टीवर आलेला गोकुळ, त्याचा म्हातारा बाप, आणि तो स्वतः, बासष्ट वर्षांचा. चौथा खांदा कुठून आणायचा? तेव्हा मुक्ताबाईनं पदर खोचला आणि बांबूखाली शिरली. बाईनं खांदा द्यायची रीत नाही. पण रीत सांगायला तिथं माणसं तरी कुठे होती?

“चला भावजी,” ती म्हणाली, “मी नाय कमी पडायची.”

डोकं पुढे करून निघाले. पन्नास पावलं उतरले नाहीत तोच आशाबाईचा घसा घरघरायला लागला. साहेबरावनं मागे वळून पाहिलं. तिचं तोंड काळंनिळं झालं होतं. हे तोंड त्यानं आधी पाहिलेलं होतं. फक्त ते भाऊरावचं होतं.

“थांबा,” तो ओरडला. “झोळी फिरवा.”

“तात्या, पाय पुढं?” गोकुळनं विचारलं. “जित्या माणसाचे?”

“फिरव म्हन्लं ना!”

आशाबाईला ते कळलं. तिनं घोंगडं दोन्ही हातांनी आवळलं. बोलायला दम नव्हता, तरी बोलली. “आवं, असं नका करू. मी हाय अजून. मी जिती हाय.”

साहेबरावनं ऐकलं आणि झोळी फिरवली. तेवढ्या एका क्षणी त्याला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती. डोकं वर झालं तशी घरघर कमी झाली. पण आशाबाईनं डोळे मिटले ते खाली सडक येईपर्यंत उघडले नाहीत. वाटेत एकदाच बोलली, तेही मुक्ताबाईला. “शेळ्यांकडं बघ गं माझ्या.” जाणारं माणूस सांगतं तसं सांगितलं.

खाली चांदपाशा जीप घेऊन उभा होता. तो एरवी लेण्यांचे पाहुणे ने-आण करतो. “भाभी का सर उंच रखो साबरावभाई,” म्हणत त्यानं सीटवर गोधड्या रचल्या, आणि शहरातल्या दवाखान्यापर्यंत गाडी कुठेही थांबवली नाही.

आशाबाई वाचली. हृदय अशक्त होतं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी तरणा डॉक्टर साहेबरावच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बाबा, डोकं वर ठेवून आणलंत, फार शहाणपण केलंत. असल्या पेशंटचं डोकं खाली राहिलं असतं तर या वाटेतच गेल्या असत्या. दम्याचंही तसंच असतं.”

पोरगा कौतुक करत होता बिचारा. साहेबरावनं मात्र एवढंच विचारलं, “दम्याचंबी?”

पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली. चिकलठाण्याला लेक सुरेखा नवऱ्याबरोबर पत्र्याच्या दोन खोल्यांत राहते, तिथं आशाबाईला ठेवलं. महिन्यानं साहेबराव न्यायला आला. आशाबाई हिंडतफिरत होती. तिनं चहा दिला, तोही बशीवर कप ठेवून, पाहुण्याला देतात तसा.

“चल आता,” तो म्हणाला. “चांदपाशाची गाडी हाय. वर हळूहळू चढू, बसत बसत.”

“मी नाय येत.”

“काहून?”

“पाय पुढं करून काढलंय मला. गेलेलं मानूस परत येत नसतं. घराला खाईल.”

“अगं, खोटं हाय ते समदं!” साहेबराव ओरडला. “डॉक्टर म्हन्ला, डोकं पुढं असतं तर तू वाटंतच गेली असती. श्वास कोंडतो त्यानं. पाय पुढं केलं म्हनून तर वाचलीस!”

आशाबाईचा चेहरा उतरला.

“मग भाऊरावभावजी?” तिनं विचारलं.

साहेबरावनं कप बशीसकट खाली ठेवला.

“पाय पुढंचं ते खरं असंल तर मला इथंच ऱ्हाऊ द्या,” आशाबाई सावकाश म्हणाली. “आन् खोटं असंल तर मुक्ताला तसं सांगा. तिनं मला खांद्यावर आनलंय. तिला अंधारात ठिऊन मी तिच्या शेजारी चूल पेटवू? तुमी सांगा तिला, म्या दुसऱ्या दिशी येते. चढता नाय आलं तर रांगत येते.”

साहेबराव एकटाच परतला. चढ चढताना सगळी वाट तो वाक्यं जुळवत होता. मुक्ताबाय, एक सांगायचं व्हतं. मुक्ताबाय, आमाला ठावं नव्हतं गं. मोठ्या वळणावर तर तो मोठ्यानं बोलूनही बघत होता, ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

मुक्ताबाई त्याच्याच अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. त्याला एकट्याला बघून तिनं हात झटकले.

“आशा नाय आली? बरी हाय ना?”

“बरी हाय. मुक्ताबाय...”

“मग ऱ्हाऊ द्या की लेकीकडं. घाई नका करू भावजी.” तिनं डोळ्यांना पदर लावला. “तुमी तिला जिती पोचवली, ह्येच लई झालं. आमच्या मानसासाठीबी तुमी जिवाचं रान केलं व्हतं. इसरले नाय मी. आमचंच नशीब खोटं, तुमी तरी काय करनार?”

“औषध चालू हाय तिचं अजून,” साहेबराव म्हणाला, आणि तिच्या हातातला पाला घेऊन शेळ्यांना टाकायला लागला.