रूम ११४ मधलं डिक्टेशन

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदा. आणि आधीच सांगते, मी भूतबित मानणारी नाही. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. अंगारे-धुपारे, नवस, अंगात येणं... यातलं काहीही बाबांनी घरात येऊ दिलं नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की ते एवढंच विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" म्हणून जे माझ्या बाबतीत झालं तेवढंच लिहिते. अर्थ तुम्ही लावा, मी लावून लावून थकले.

एकोणीसशे शहाण्णवचा उन्हाळा. आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, कॉम्प्युटर कंपनीत होता. माझं वर्क परमिट नुकतंच आलं होतं आणि एका एजन्सीतून मला सहा आठवड्यांचं काम मिळालं... अमेरिकेतलं माझं पहिलं. जवळच्याच गावातलं एक हायस्कूल. गावाचं नाव देत नाही. बिल्डिंग पन्नासच्या दशकातली. तिचा मागचा भाग पाडणार होते, त्याआधी तिथल्या सगळ्या सामानाची यादी करायची आणि जुनी रजिस्टरं टाइप करायची, हे माझं काम.

शाळेचं ऑफिस डोरिस सांभाळायची. वय अठ्ठावन्न, वीसेक वर्षं त्याच खुर्चीवर, आणि स्वतः त्याच शाळेत शिकलेली. स्वभावाने कडक, पण माझं तिच्याशी पहिल्याच आठवड्यात जमलं. माझ्या डब्यातले पोहे ती काट्याने खायची, मिरच्या एकेक करून बाजूला काढायची आणि "सुनांडा, हे काय पिवळं पिवळं असतं?" असं रोज विचारायची.

रूम ११४ म्हणजे पूर्वीची टायपिंग आणि शॉर्टहँडची वर्गखोली. कॉम्प्युटर आल्यापासून बंदच होती. अठ्ठावीस टाइपरायटर कव्हरं घालून रांगेत ठेवलेले, भिंतीवर कीबोर्डचा मोठा तक्ता, समोर टीचरचं टेबल. एका गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास मी तिथे पॅड-पेन्सिल घेऊन एकेका मशीनचा नंबर उतरवत होते. एसी नव्हता, घामाघूम झाले. तिसऱ्या रांगेतल्या एका बाकावर जरा टेकले.

आणि बाईचा आवाज आला, "रेडी, गर्ल्स?"

प्रौढ, स्पष्ट, किंचित नाकातला आवाज. मला अजिबात भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगते. आदल्याच दिवशी मी कपाटातल्या डिक्टेशनच्या रेकॉर्ड्स यादीत लिहिल्या होत्या. म्हटलं, डोरिस शेजारच्या खोलीत लावून बघतेय. तेवढ्यात डिक्टेशन सुरू झालं आणि माझा हात चालायला लागला.

शॉर्टहँड शिकलेल्यांना हे कळेल. मी सीताबर्डीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडपर्यंत गेले होते. एकदा सवय झाली की शब्द कानातून शिरतात आणि पेन्सिलीतून बाहेर पडतात, डोक्यात काही राहत नाही. चार-पाच मिनिटं मी लिहीत होते. मग "पेन्सिल्स डाऊन" ऐकू आलं आणि सगळं शांत झालं. मला मजा वाटली... इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता.

पॅडकडे बघितलं आणि काही कळेचना.

आपल्याकडच्या शॉर्टहँडमध्ये रेघा जाड-बारीक असतात, तिरप्या, ठिपके दिलेल्या. या दोन पानांवर सगळ्या रेघा एकाच जाडीच्या होत्या. वळणं, गाठी, लंबगोल, दोऱ्याचा गुंता पडावा तसं. पेन्सिल माझी, पॅड माझं, वरच्या अर्ध्या पानावर मीच लिहिलेले मशीनचे नंबर. खालचा एक शब्दही मला वाचता येत नव्हता.

मी हसतच ऑफिसात गेले. "डोरिस, तू लावलेल्या रेकॉर्डने माझं डोकं फिरवलं बघ."

"कसली रेकॉर्ड? मी फोनवर होते."

मी पॅड पुढे केलं. ती वाचायला लागली... सरळ वाचायलाच लागली, जसं आपण पेपर वाचतो. "हे आमचं, इकडचं अमेरिकन शॉर्टहँड आहे. तू कधी शिकलीस?" असं म्हणत तिने पान उलटलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझी फाइल काढलीस ना तू?"

"कुठली फाइल, डोरिस? मला यातलं काही वाचतासुद्धा येत नाही."

तिने ती दोन्ही पानं पॅडमधून फाडून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "उद्यापासून येऊ नकोस. एजन्सीला मी कळवते."

बसमध्ये मी रडले. पहिली नोकरी, आणि चोरी केल्यासारखी हाकललेली. घरी मिलिंदने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "अगं, एखादं जुनं पुस्तक तिथे उघडं पडलेलं असेल, उन्हाच्या ग्लानीत तू त्यातलं उतरवलं असशील." असेलही. पण तिथे पुस्तक नव्हतं, आणि फक्त बघून एवढी सफाई येत नाही.

सकाळी सातला डोरिसचा फोन. "ये. वर्गात थांबते मी."

गेले तर ती टीचरच्या टेबलापाशी उभी. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. "बस. लिही." तिने चार-पाच वाक्यं सांगितली, मी लिहिली. आपल्या पद्धतीने, जाड-बारीक. तिने पॅड उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येईना. पुन्हा सांगितलं, मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. मग ती मुलींच्या बाकावर, माझ्या शेजारीच येऊन बसली.

"मी ग्रॅज्युएट नाही," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी मार्चमध्ये आई आजारी पडली, मी शाळा सोडली. डिप्लोमा नाही मिळाला. इथे नोकरीच्या फॉर्मवर मात्र हायस्कूल पूर्ण असं लिहिलं. वीस वर्षांत कोणी तपासलं नाही. तू जुनी रजिस्टरं टाइप करतेस... मला वाटलं तुला सापडलं, आणि तू माझी थट्टा करतेस."

मग तिने पर्समधून पानं काढून मला मोठ्याने वाचून दाखवली. साधं व्यापारी पत्र होतं. साठ खुर्च्या मागवल्या होत्या, चाळीसच आल्या, उरलेल्या लवकर पाठवाव्यात. आणि मध्येच, "डोरिस, तुझी परीक्षा राहिली आहे. बस. आम्ही थांबतो." पुढे पुन्हा खुर्च्या.

"आमच्या शॉर्टहँडच्या टीचर, मिस हार्लो, अशाच बोलायच्या," डोरिस म्हणाली. "डिक्टेशन मध्येच थांबवून. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते."

मधलं ते वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. खुर्च्यासुद्धा आठवत नाहीत.

डोरिसने उठून एका मशीनचं कव्हर काढलं. रिबन सुकलेली, अक्षरं जेमतेम उमटत होती. तरी तिने पूर्ण पत्र टाइप केलं, पाठ ताठ ठेवून, मनगटं वर उचलून. दोन चुका झाल्या. मी बाजूला उभी होते. तिथून जावंसं वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात ती आपण होऊन प्रिन्सिपलकडे गेली आणि खरं सांगून आली. नोकरी जाणार असं दोघींनी धरून ठेवलं होतं. ते म्हणाले म्हणे, "डोरिस, ही शाळा तुझ्याशिवाय मला एक दिवस तरी चालवता येईल का?" पण तिने ऐकलं नाही, मोठ्यांसाठीच्या हायस्कूल-समकक्ष परीक्षेचा फॉर्म भरला. माझं काम संपल्यावरही मी शनिवारी तिच्याकडे बीजगणित शिकवायला जायचे. वर्षभराने पास झाली. तोवर ११४ पाडून तिथे पार्किंग झालं होतं.

रिटायर होऊन ती फ्लोरिडाला गेली तेव्हा तिने ती दोन पानं पाकिटात घालून मला पोस्टाने पाठवली. सोबत एवढंच, "अक्षर तुझं आहे, तू ठेव." लायब्ररीतून त्या पद्धतीचं पुस्तक आणून मी वाचायचा प्रयत्न केला. आठ दिवसांत सोडून दिला. का, ते सांगता येत नाही.

ती पानं आजवर एकट्या डोरिसने वाचली आहेत. त्यात खरंच तेच लिहिलंय, की तिला ते तसं वाचावंसं वाटलं... मला माहीत नाही. वाचू शकणारं कोणीतरी आजही सापडेल. मिलिंद कितीदा म्हणाला, दाखवून टाक.

पाकीट हातात घेते आणि परत ठेवते.